पस्तीस डिसेंबर

१९ डिसेंबर

छोट्या,

फोन तू उचलत नाहीस, निदान पाकीट तरी फोडशील. अक्षर ओळखून कचऱ्यात टाकायचा विचार असेल तर आधी एवढं वाच. आई आजारी आहे. सर्दी-पडसं नव्हे. तिचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि शेवटी पेनाला टोपण लावत म्हणाले, "घरीच ठेवा. त्यांना आवडेल ते करा." डॉक्टर असं कधी म्हणतात हे तुला सांगायला नको, आप्पांच्या वेळी तू होतास.

मी तिला माझ्याकडे आणलंय. हॉलमध्ये खिडकीला लागून पलंग, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र. ते रात्रंदिवस घुरघुरतं. तुझे भाऊजी म्हणाले, "सासूबाई, तुमच्यापेक्षा हे जास्त घोरतं." आईला हसू आलं आणि हसता हसता दम लागला. तेव्हापासून घरात विनोद बंद आहेत.

काल तिनं विचारलं, "यंदा आपलं नवीन वर्ष कधी?"

तू विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. टोमणा समजलास तरी चालेल. जगाचं वर्ष एकतीसला रात्री बदलायचं. त्या वेळी आपली आई बेकरीत उभ्यानं केकवर क्रीमची अक्षरं काढत असायची, आणि कळायला लागल्यापासून मीही तिच्या शेजारी खोकी बांधत असायची. मग आप्पांनी नियम काढला, चौघं एका टेबलाशी बसल्याशिवाय या घरात वर्ष बदलणार नाही. तोपर्यंत डिसेंबरच. बत्तीस, तेहतीस, चौतीस. आई मोकळी झाली, गर्दी ओसरली, की आपलं नवीन वर्ष. मधोमध चुकलेला केक. ज्याच्यावर आईनं 'शुभेच्छा'चं 'शुभेच्चा' केलेलं असायचं आणि जो गिऱ्हाइकानं नाकारलेला असायचा, तो.

तिसरीत होतास. शाळा उघडली त्या दिवशी, चार जानेवारीला, तू वहीवर ऐटीत '३४ डिसेंबर' लिहिलंस आणि बाईंनी तुला वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन आप्पांशी भांडलास. "आपलं वर्ष खोटं आहे का?" आप्पा म्हणाले, "खोटं नाही रे. उशिराचं आहे."

त्याच आप्पांच्या मुलानं तीन वर्षांपूर्वी, सासरच्या माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये, हातात पेला धरून सांगितलं, "आमच्याकडे सगळं उरलंसुरलंच असायचं. नवीन वर्ष शिळं आणि केकसुद्धा चुकलेला." सगळे हसले. आई तुझ्या मागेच उभी होती, तीही हसली. मी नाही हसले. त्यानंतर जिन्यात मी तुला जे बोलले त्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही. पण ते तुझं-माझं भांडण. तू आईकडेही यायचं बंद केलंस, ते मात्र मला समजलं नाही. लाज वाटली म्हणून की राग आला म्हणून?

ती म्हणते, "पस्तीसला करू. तोवर तुझी बेकरी शांत होईल, छोट्याला कळव." कळवलं.

ताई

२६ डिसेंबर

छोट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तरी कुठे उत्तरासाठी लिहितेय, असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे काल चांगलंच वाजलं. भाऊजींनी सहा महिन्यांपूर्वी समुद्रकाठची खोली ठरवली होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, एकदाही एकतीसला आम्ही तिघं एकत्र नव्हतो, म्हणून यंदा मी मालकांकडून आधीच रजा कबूल करून घेतली होती. मग आई आजारी पडली. त्यात केक विभागातल्या दोघी पोरींनी काम सोडलं. तू म्हणशील, काम कुणाच्या तरी गळ्यात घालायचं. माझ्याच गळ्यात घातलं सगळ्यांनी. विभागप्रमुख म्हणजे काय, तर ज्याला रजा मिळत नाही तो.

मी म्हटलं, तुम्ही दोघं जा. भाऊजी म्हणाले, नको, राहतो. मी म्हटलं, जा, नाहीतर घरात तोंड पाडून बसाल आणि मला ते बघावं लागेल. आईसमोर हे चाललं होतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडली होती.

तुझी भाची पंधराची झालीय, जीभ माझ्यावर गेलीय. दार आपटून म्हणाली, "आपल्याकडे मजासुद्धा उरलेल्या वेळातच करायची." छोट्या, अगदी तुझा सूर. मी तिच्या अंगावर धावून जाणार होते, पण पलंगावरून आई म्हणाली, "पोर खरं बोलतेय. जाऊ दे तिला." मग माझ्याकडे बघून, "तोही खरंच बोलला होता. तू उगाच जिन्यात तमाशा केलास."

म्हणजे तीन वर्षं मी जिच्या बाजूनं भांडतेय, ती तुझ्या बाजूला. घे, हेही तुला कळवलं. माझी फजिती ऐकून तरी ये.

तिचे पाय सुजलेत. रात्री बसूनच झोपते. ये रे.

ताई

३१ डिसेंबर, दुपार

छोट्या,

तुझं पत्र आज सकाळी आलं. पाकिटात एवढा मोठा कागद आणि त्यावर दीड ओळ. 'पस्तीसला नक्की येतो. आईला सांग. केक मी आणतो.' शाई महाग झालीय का तिकडे?

मी तिला ते तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तिनं चष्मा मागितला आणि स्वतः वाचलं. मग कागद उशीखाली ठेवला आणि अर्धा कप दूध प्यायली. कालपर्यंत दोन चमच्यांवर जात नव्हती. "केक आणतो म्हणतो," एवढंच म्हणाली, पण मी निघेपर्यंत तेच तेच म्हणत होती.

भाऊजी आणि भाची सकाळी गेले. तीन तारखेला परततील. मी आत्ता बेकरीच्या मागच्या जिन्यात बसून लिहितेय, मांडीवर केकचं खोकं उलटं ठेवून. आत ट्रे लागलेत छतापर्यंत. पोरींचे हात आखडलेत आणि बाहेर गिऱ्हाइकांची रांग रस्त्यापर्यंत. प्रत्येकाला आपल्या केकवर नाव हवं, आणि प्रत्येकाला घाई. एक बाई मघाशी माझ्यावर ओरडली, "आमच्या मजेचा विचका करताय तुम्ही!" मी म्हटलं, "दहा मिनिटं द्या बाई, तुमची मजा क्रीममध्ये बुडवून देते." हसली बिचारी.

शेजारच्या काकू आईजवळ बसल्यात. मी उद्या सकाळी सुटेन.

तू येतोयस. मी जिन्यातलं काही परत घेत नाही हं, पण तू येतोयस.

ताई

३२ डिसेंबर

छोट्या,

गंमत बघ. जन्मात पहिल्यांदा मी हा दिवस जागेपणी बघतेय. लहानपणी एकतीसचं काम संपवून आई आणि मी पहाटे घरी यायचो आणि बूट पायात तसेच ठेवून पडायचो. मेल्यासारख्या झोपायचो, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचो. पुढे लग्नानंतरही तेच. आज मात्र डोळा लागत नाही. यंत्र थांबलंय की काय असं वाटून दर थोड्या वेळानं उठून बघते.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. पायऱ्यांवर फुगे पडलेत, अर्धे फुटलेले. समोरच्या घरातलं कुणीतरी पार्टीचा कागदी मुकुट घालून कचरा टाकायला आलं आणि मुकुटासकट परत गेलं. किती शांत असतो हा दिवस. तू आणि आप्पा काय करायचात रे दोघंच? आम्ही दोघी लाकडासारख्या पडलेल्या, बोलायला कुणी नाही. कधी विचारलंच नाही मी.

आई बरी नाही. ओठ निळसर दिसतात. डॉक्टर येऊन गेले, औषध वाढवलं, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्या हाताचा अर्थ लावत बसले नाही. पस्तीसपर्यंत पुरव, एवढंच मागतेय मी, कुणाकडे ते विचारू नकोस.

हे आजच कुरिअरला देते. तू निघायच्या आत मिळालं तर लवकर निघ.

ताई

३६ डिसेंबर

तू आला नाहीस.

काल सकाळी मी आईचं अंग पुसलं, केस विंचरले, तो निळा स्वेटर घातला जो तू पहिल्या पगारातून आणला होतास. टेबल पलंगाजवळ ओढलं. पाच थाळ्या मांडल्या. भाऊजींनी रजा काढली. तुझ्या भाचीनं समुद्रावरून आणलेले शिंपले मधोमध ठेवले, केकसाठी जागा सोडून. मी खिडकीत उभी राहिले. बस आली की जायचं, रिकामी गेली की परत यायचं.

आई बघत होती आणि विचारत होती, "आज कशाला हा थाट?"

मी म्हटलं, "आज पस्तीस ना, आई."

"चौतीस," ती म्हणाली. "उद्या येईल तो. मला जरा पडू दे."

शेवटी शेवटी तिला तारीखसुद्धा कळत नव्हती, छोट्या. मी जरा जोरातच म्हटलं, "पस्तीस आहे, आई, आणि त्याचा पत्ता नाही." दिवसभरात तिनं एकदाही दाराकडे बघितलं नाही. मी खिडकीत शंभर वेळा गेले आणि ती मात्र शांत पडून होती. तुझी आशाच सोडली होती तिनं.

तुझा फोन लावत होते. बंद. पुन्हा बंद. तुझ्या बायकोचा नंबर मला देण्याची तुला कधी गरज वाटली नाही.

दिवे लागायच्या सुमाराला मी तिला दूध द्यायला गेले. यंत्र चालू होतं. ती नव्हती.

आज सकाळी सगळं उरकून आलो. तुझ्यासाठी थांबायचं का, असं भाऊजींनी विचारलं. मीच म्हटलं, नको. जो माणूस शब्द देऊन आला नाही त्याच्यासाठी तिला आणखी किती ताटकळत ठेवायची?

कामावर होतो, असंच म्हणशील ना? आपल्या घरात सगळे कायम कामावरच होते. आई उभ्या जन्मात एका एकतीसला घरी नव्हती, पण आपल्या टेबलाशी यायला तिनं कधी चुकवलं नाही. तू एक दिवस काढू शकला नाहीस. तुझ्या मित्रांबरोबर पेले उंचावून झाले असतील. त्या हॉलमध्ये म्हणाला होतास ना, आमच्याकडे सगळं उरलंसुरलं. आता तेही नाही. आता येऊन काय दिवे लावणार आहेस? येऊ नकोस. तुला ताई नाही, मला भाऊ नाही. हे पत्र कुरिअरच्या दुकानात स्वतः नेऊन देतेय, मध्ये विचार बदलू नये म्हणून.

तारीख नाही

छोट्या,

तू आज सकाळच्या बसनं गेलास. हे पत्र तुझ्या मागोमाग पाठवतेय, जादाचे पैसे भरून. पण कुरिअरवाला म्हणतो, परवा दिलेलं पाकीट आजच तुझ्या घरी पोचलेलं असेल. तुझ्या टेबलावर, बत्तीसच्या पाकिटावर, माझ्या अक्षरातलं आणखी एक पाकीट असेल. ते फोडू नकोस. माझी शपथ आहे. न वाचता जाळ. आधीच फोडलं असशील, तर मग हे शेवटपर्यंत वाच.

परवा ते पाकीट देऊन मी घरी आले आणि तासाभरात बेल वाजली. दारात तू. दाढी वाढलेली, बुटांना तुझ्या कामावरच्या बोगद्याचा चिखल, दोन्ही हातांत केकचं खोकं, बसमध्ये मांडीवर धरून आणल्यासारखं. मला बोलायला वावच दिला नाहीस. "जिन्यातलं नंतर भांडू," म्हणालास आणि माझ्या खांद्यावरून आत बघितलंस. गादी गुंडाळलेली होती. यंत्र बंद. "आई कुठंय? आंघोळीला?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. तू खोकं खाली ठेवलं नाहीस, तसाच धरून उभा राहिलास. मग म्हणालास, "पण आज पस्तीस ना, ताई?"

मी म्हटलं, "आज छत्तीस. काल होती पस्तीस."

तू बोटांवर मोजलंस. एवढा मोठा माणूस दारात उभा राहून बोटं मोजतोय. "एकतीस. मग तुम्ही झोपता तो दिवस. तो धरायचा नसतो. आप्पा म्हणायचे, घर झोपलंय, आज तारीख पडली नाही. आम्ही दोघं दिवसभर पाय न वाजवता चालायचो, खाणाखुणांनी बोलायचो. मग दोनला बत्तीस. तूच तर पत्रात लिहिलंस, चारला चौतीस." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तुझा आवाज खाली गेला. "नाही का? मीच चुकलो का मोजायला?"

मला त्याच क्षणी कळलं. माझ्याच हातानं लिहिलं होतं मी, शाळा चार जानेवारीला उघडली आणि तू चौतीस लिहिलंस. एकतीस आणि चार किती होतात हे तिसरीतल्या पोरालाही येतं. ती चूक नव्हती, ती आपल्या घराची तारीख होती. बाईंनी शिक्षा केली तरी तू ती धरून राहिलास. आणि मी, जी तुला घराची आठवण करून द्यायला निघाले होते, मला ती माहीतच नव्हती. मी तो दिवस कायम झोपून काढला. तरी जानेवारीची चार तारीख लिहिली असती तर संपलं असतं. पण मला ऐट, घरचाच शब्द वापरीन, म्हणजे तू विरघळशील.

हे सगळं मला दारातच कळलं, छोट्या. आणि मी गप्प बसले. मागे भाऊजी उभे होते, पोर उभी होती, मी सकाळपासून तुला त्यांच्यासमोर लाखोली वाहिली होती. "मीच चुकलो," तू म्हणालास. मी पुढे होऊन "नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "आत ये, पाणी पी."

कालचा सगळा दिवस तू तेच घोकत होतास. भाऊजींना सांगत होतास की एकतीसपासून रोज दोन दोन पाळ्या केल्या, बोगद्यातल्या बाकीच्यांना मजा करू दिली, त्यांच्या पाळ्या स्वतः घेतल्या, म्हणून पाच तारीख मिळाली. आत फोन चालत नाही, कपाटात बंद. बाहेर आलास तो घरी न जाता, माझं बत्तीसचं पाकीट न बघताच बसमध्ये बसलास. "एक दिवस आधीची मागितली असती तर तीही दिली असती त्यांनी," म्हणालास. मी स्वयंपाकघरात भांडी घासत ते ऐकत होते. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. आणि तुला तसंच जाऊ दिलं.

तू बरोबर मोजलंस. चूक माझी आहे. एकदा लिहिते, पुन्हा विचारू नकोस, पुन्हा लिहिताना हात धजणार नाही. आई मला 'पस्तीसला करू' म्हणाली तेव्हा तिच्या मनात पाच तारीख होती. मी रजा चारची काढली.

आता जे सांगायचंय ते. जाळायला सांगितलेल्या पत्रात मी लिहिलंय की शेवटी तिला तारीख कळत नव्हती. लिहिलंय की तिनं तुझी आशा सोडली, दाराकडे बघितलंसुद्धा नाही. छोट्या, त्या दिवशी घरात तारीख फक्त तिलाच कळत होती. ती दाराकडे बघत नव्हती, कारण तू त्या दिवशी येणारच नव्हतास. मी तिच्यावर ओरडले, पस्तीस आहे म्हणून. तिनं वाद घातला नाही. तुझी भाची तेव्हा तिच्या पायाशी बसली होती. तिनं मला काल रात्री सांगितलं, मी खिडकीकडे वळल्यावर आजी तिच्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुझ्या आईला मोजता येत नाही. उद्या येईल बघ तो, केक घेऊन."

खिडकीत मी ताटकळत होते. ती नाही. तिच्या हिशेबानं तुला उशीर झालाच नव्हता. उद्या तू येणार होतास, म्हणून ती जरा पडली.

तू आणलेलं खोकं मी तू गेल्यावर उघडलं. 'नववर्षाच्या शुभेच्चा'. तिकडच्या बेकरीवाल्याला किती समजवावं लागलं असेल तुला, की असंच लिही म्हणून. क्रीमची अक्षरं प्रवासात एका बाजूला घसरलीत. फ्रिजमध्ये ठेवलाय, कुणाला हात लावू दिलेला नाही. पोरगी विचारत होती, आपलं वर्ष बदललं का. मी म्हटलं, अजून मामा बसला कुठे टेबलाशी?

बाहेर लोकांनी जानेवारीचा एक आठवडा वापरूनही टाकलाय. या घरात आम्ही पाय न वाजवता चालतोय.

ताई